मुद्दाम करतो हो तो!

कोथरूडमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नव्या सोफ्याचा डावा पाय कित्येक आठवडे सुकला नव्हता. सोफा सागवानी, हप्त्यांवर घेतलेला. ओला करणारा ब्रूनो: जात लॅब्रेडॉर, वय 6, वजन 30 किलो, स्वभाव प्रेमळ, खाण्याच्या बाबतीत आवडनिवड नाही. पिल्लू असताना त्याने घरभर जे काही केलं ते सगळ्यांनी हसून पुसलं होतं, वर त्याचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवले होते. पण त्यानंतर इतकी वर्षं शहाण्यासारखं वागलेलं कुत्रं एके दिवशी बैठकीच्या खोलीत पाहुण्यांदेखत टांग वर करतं, तेव्हा सोफ्यापेक्षा विश्वासघातच जास्त बोचतो.

"मुद्दाम करतो हो तो," आजी म्हणाल्या.

या वाक्यावर सगळ्यांचं एकमत झालं. त्या घरात एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याची ही बऱ्याच वर्षांतली पहिली वेळ. वाद उरला तो हेतूचा. आजींच्या मते, मुलगा हल्ली आल्याआल्या मोबाइल घेऊन बसतो, ब्रूनोशी बोलत नाही, म्हणून हा राग. सूनबाईंच्या मते, त्यांनी पुन्हा ऑफिसला जायला सुरुवात केली त्याचा हा सूड. यात सूनबाईंचा थोडासा अभिमानही होता. नातवाला खात्री होती की वजन कमी करायचं म्हणून बिस्किटं बंद झाली, त्याचा हा निषेध. भांडीवाल्या मावशींनी हेतूच्या भानगडीत न पडता सरळ निदान केलं: "वहिनी, नजर लागलीय त्याला. किती गुटगुटीत आहे." त्याच संध्याकाळी ब्रूनोवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकण्यात आल्या. ब्रूनो दोनदा शिंकला, मोहऱ्या खाता येतील का याचा अंदाज घेतला आणि सोफ्याकडे गेला.

पुरावा म्हणून सगळे जण त्याच्या चेहऱ्याकडे बोट दाखवत. "बघा, कसा मान खाली घालून बसलाय! कळतं त्याला आपण काय केलंय ते!" कुत्रं पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात हा पुरावा मान्य होतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली 14 कुत्र्यांवर तो तपासून पाहिला. मालकाने खाऊकडे बोट दाखवून "खायचं नाही" म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे राहिलेल्या कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही, हे परत आलेल्या मालकाला कधी खरं सांगितलं जाई, कधी खोटं. तो अपराधी चेहरा गुन्ह्याप्रमाणे बदलत नाही, ओरड्याप्रमाणे बदलतो, असं दिसलं. ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं आणि तरी फुकटचा ओरडा खाल्ला, त्यांचे चेहरे तर सगळ्यात जास्त पडलेले होते. सरकारी कचेरीत चुकीच्या खिडकीसमोर तासभर उभं राहिलेल्या माणसाचा चेहरा ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे समजायला प्रयोगाची गरज पडू नये.

ब्रूनोला मात्र ओरडा मिळत राहिला. घरातले आजोबा एका बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी जुना उपाय काढला: वर्तमानपत्राची गुंडाळी करून जमिनीवर आपटायची, आणि कुत्र्याचं नाक त्या थारोळ्याजवळ नेऊन "हे काय? हे काय?" असं विचारायचं. प्रश्न ब्रूनोला सोपा वाटला असावा. त्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी कोट्यवधींच्या घरात, आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त. हे काय आहे, कुणाचं आहे, किती वेळापूर्वीचं आहे, हे त्याला खोलीच्या दारातूनच कळत होतं. कळलं नाही ते एवढंच, की सकाळी केलेल्या गोष्टीवर आता आरडाओरडा का. कुत्रं शिक्षेची सांगड घालतं ती त्या क्षणी समोर असलेल्या गोष्टीशी. इथे समोर आजोबा होते. म्हणून ब्रूनोने योग्य तो धडा घेतला: आजोबांसमोर करायची नाही. दुसऱ्या आठवड्यापासून तो सोफ्याच्या मागच्या बाजूने करू लागला.

"आता लपून करतो!" आजी म्हणाल्या. मुद्दामपणाचा आणखी एक पुरावा.

मग आली निळी बाटली. महाराष्ट्रात क्वचितच एखादी गल्ली असेल, जिथे कुणाच्या तरी ओट्यावर, दुकानाच्या पायरीवर किंवा गाडीच्या चाकाशी निळीचं पाणी भरलेली प्लास्टिकची बाटली दिसत नाही. ती बघून कुत्रं तिथे घाण करत नाही, अशी श्रद्धा. काही भागांत पाणी लाल असतं. पंथभेद कुठे नसतो? लाल पंथाची बाजू तशी लंगडी आहे. कुत्र्याला मुख्यतः निळा आणि पिवळा हेच रंग नीट ओळखू येतात, आणि लाल रंग त्याला मातकट, काळपट दिसतो, हे 1989 सालीच प्रयोगाने दाखवलं गेलं आहे. निळी त्याला छान दिसते. पण दिसली म्हणून त्याने घाबरायचं का, याचं उत्तर कुणाकडे नाही. ब्रूनोने बाटली हुंगली, जागेवरून थोडी सरकवली आणि पुढचं काम तिच्यावरच केलं. एरवी मराठीत चिकट माणसाला "कापल्या करंगळीवर मुतायचा नाही" म्हणतात. ब्रूनोवर तो आरोप शत्रूलाही करता आला नसता.

शेवटी सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आपण डॉक्टरांना का नाही विचारत?"

घरात फरशी पुसून पुसून एक महिना झाल्यावर हा विचार सुचतो, आणि खरं म्हणजे तो पहिल्या दिवशी सुचायला हवा. मोठ्या, शिकलेल्या कुत्र्याने अचानक घरात लघवी सुरू केली, तर आधी आजार तपासायचा, मग स्वभाव. मूत्रमार्गाचा संसर्ग असेल, मूत्राशयात खडे असतील, तर बिचाऱ्याला दर तासाला लागते आणि दाराशी पोचेपर्यंत धीर निघत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, कुशिंगचा आजार यांत कुत्रं पाणीच अमाप पितं. आत गेलेलं पाणी कुठेतरी बाहेर येणार. खाज थांबावी म्हणून दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनीसुद्धा तेच होतं, आणि घरचे मात्र "गोळ्या सुरू केल्यापासून हा बिघडलाय" असं म्हणत चिडतात. मोजायची पद्धत सोपी आहे. सकाळी भांड्यात मापून पाणी घालायचं, रात्री उरलेलं मापायचं. किलोमागे दिवसाला 50-60 मिली ठीक. 100 मिलीच्या वर गेलं, म्हणजे ब्रूनोएवढ्या कुत्र्याने तीन लिटरच्या वर पाणी प्यायलं, तर चप्पल घालून निघायचं.

माद्यांची गोष्ट वेगळी, आणि त्यांच्यावर होणारा अन्याय मोठा. नसबंदी झालेल्या काही माद्यांमध्ये, विशेषतः मोठ्या जातींमध्ये, मूत्रमार्ग बंद ठेवणारा स्नायू पुढे ढिला पडतो. झोपेत थेंब थेंब गळतं. जाग आल्यावर ती बिचारी आपलंच ओलं अंथरूण आश्चर्याने हुंगत असते आणि घरचे म्हणत असतात, "लाज कशी वाटत नाही?" झोपेत काही करणाऱ्याला मुद्दाम कसं करता येईल, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. यावर गोळ्या आहेत आणि बऱ्याच जणींचं त्यांनी थांबतं. म्हाताऱ्या कुत्र्यांना माणसांसारखाच विसरभोळेपणा येतो. दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभं राहून ते उघडायची वाट बघतात आणि शेवटी तिथेच करतात. काही कुत्री पाहुणे आले की आनंदाने किंवा धाकाने कान पाडून, अंग चोरून दोन थेंब सोडतात. ती नम्रतेची भाषा आहे. तिच्यावर ओरडलं की कुत्रं आणखी नम्र होतं. दिवाळीतल्या सुतळी बॉम्बनंतरच्या थारोळ्याबद्दल तर कुत्र्याला बोलूच नये.

ब्रूनोच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यूरिन आणा. सकाळची पहिली. मधली धार. स्वच्छ भांड्यात. दोन तासांच्या आत."

माणसाला ही सूचना केली की तो डबी घेऊन आत जातो. 30 किलोच्या लॅब्रेडॉरची मधली धार कशी धरायची? पहिल्या दिवशी आजोबा पारदर्शक डबी घेऊन खाली उतरले. ब्रूनोने टांग वर केली, आजोबा वाकले, ब्रूनोने टांग खाली घेतली आणि कुतूहलाने त्यांच्याकडे बघितलं. हे अकरा खांबांपाशी झालं. सोसायटीचा वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला होता. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये भेटलेल्या कुत्रेवाल्या शेजाऱ्यांनी अनुभवाचे बोल ऐकवले: "काका, लांब दांड्याची पळी घ्या. मागून, लांबूनच." स्वयंपाकघरात लांब दांड्याची एकच पळी होती. ती कढीची. आजी झोपल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे सहा वाजता, एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात मागे लपवलेली पळी अशा पवित्र्यात आजोबा दबक्या पावलांनी ब्रूनोच्या मागे जात होते. शाखेवर जाणारे दोघे गृहस्थ थांबून बघत राहिले. नेम बरोबर बसला. पळी अर्धी भरली. आजोबांच्या चेहऱ्यावर कॅश टॅली झाल्याचं समाधान होतं. पण प्रयोगशाळा उघडणार साडेनऊला. म्हणून डबी दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रीजमध्ये गेली आणि कोकम सरबताच्या बाटलीमागे उभी राहिली, वर चिठ्ठी, मोठ्या अक्षरांत: "हात लावू नये." त्या घरात ही चिठ्ठी एरवी श्रीखंडाच्या डब्यावर असते. नातवाने पिशवीची गाठ सोडली होती. पुढचं झाकण सुदैवाने घट्ट होतं.

रिपोर्ट आला तेव्हा त्यावर ब्रूनोच्या नावापुढे आजोबांचं आडनाव होतं. प्राण्यांच्या दवाखान्यांत तशीच पद्धत आहे. संसर्ग नाही, साखर नाही, खडे नाहीत. सोनोग्राफीही स्वच्छ. आजोबा थोडे खट्टू झाले. खर्च करून काही निघालं नाही की मध्यमवर्गीय माणसाला चुकल्यासारखं होतं.

"आता नोंद ठेवा," डॉक्टर म्हणाले. "कधी, कुठे, किती."

हे मात्र आजोबांच्या हातचं काम होतं. 36 वर्षं रोकड सांभाळलेल्या माणसाला नोंद ठेवायला सांगणं म्हणजे मासोळीला पोहायला सांगणं. लांबडी वही आली, लाल-निळ्या पेनांनी रकाने आखले गेले: तारीख, वेळ, ठिकाण, अंदाजे मात्रा, शेरा. स्टॉपवॉच आलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण विज्ञानही याच वाटेने गेलेलं आहे. अटलांटातल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी प्राणिसंग्रहालयात उभं राहून जनावरांच्या धारा मोजल्या. तीन किलोच्या वरचा सस्तन प्राणी कुठलाही असो, कुत्रा किंवा 18 लिटर मूत्राशयाचा हत्ती, मूत्राशय रिकामं करायला साधारण 21 सेकंदच घेतो, असं त्यांनी 2014 साली दाखवलं. पुढच्या वर्षी त्यांना या कामासाठी इग नोबेल मिळालं. त्याच्या आदल्या वर्षीचं इग नोबेल ज्यांना मिळालं, त्या चेक आणि जर्मन मंडळींनी 70 कुत्र्यांच्या हजारो शी-शूंची नोंद करून सांगितलं होतं की, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री उत्तर-दक्षिण दिशेला अंग धरून बसणं पसंत करतात. वास्तुशास्त्रवाल्यांच्या हे अजून कसं लक्षात आलं नाही, कोण जाणे. ब्रूनोची दिशा मात्र ठरलेली होती: सोफा.

21 सेकंदांचा उपयोग घरीही होतो. दोन सेकंदांत, उभ्या वस्तूवर, जेमतेम चमचाभर, असा प्रकार असेल तर ते मूत्राशय रिकामं करणं नव्हे, ती जाहिरात. नवा सोफा, पाहुण्यांची बॅग, शेजारच्या कुत्र्याचा वास लागलेलं पायपुसणं यांवर आपलं नाव टाकलं जातं. नर टांग वर करतो ती याचसाठी, मजकूर दुसऱ्याच्या नाकाच्या उंचीवर यावा म्हणून. कॉर्नेल विद्यापीठातल्या बेटी मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी 2018 साली मोजून सांगितलं की, लहान चणीचे कुत्रे टांग अंगाच्या मानाने जास्त वर उचलतात. बहुधा वाचणाऱ्याला आपण थोर वाटावं म्हणून. चौकात "भावी नगरसेवक" असे फ्लेक्स ज्यांचे लागतात, त्यांची चणही अनेकदा अशीच असते. नसबंदीने हा प्रकार बऱ्याच नरांत कमी होतो, सगळ्यांत नाही.

ब्रूनोची नोंद काही वेगळंच सांगत होती. 18 सेकंद, 22 सेकंद, 19 सेकंद. थारोळं मोठं. म्हणजे ही जाहिरात नव्हे, ब्रूनोला खरोखरच लागलेली असे. मग फिरायला नेतात तेव्हा काय करतो?

दरम्यान आजोबांना आणखी एक हत्यार सापडलं: नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा दिवा, हातात धरायचा. वाळलेली लघवी त्या उजेडात चमकते. रात्री दिवे घालवून आजोबांनी बैठकीच्या खोलीवर तो फिरवला आणि सगळं घर गप्प झालं. सोफ्याचा पाय, सोफ्याची मागची कड, पडद्याची खालची किनार, आणि देव्हाऱ्याच्या चौरंगापासून जेमतेम हातभर अंतरावर एक भलामोठा नकाशा. आजींनी तिथल्या तिथे शांतीची चौकशी सुरू केली. मावशी म्हणाल्या, "रोज फिनेलने पुसते हो मी!" ते खरंच होतं. पण फिनेल आपल्या नाकापुरतं काम करतं. लघवीतलं युरिक आम्ल फरशीच्या सांध्यांत, गादीच्या कापसात बसून राहतं, आणि ज्याच्यासाठी पुसलं त्याला खाली सगळं स्वच्छ वाचता येतं: "इथे करतात." अमोनिया असलेलं क्लीनर तर आगीत तेल, लघवीतही अमोनियाचाच वास. काळं फिनेल पंजे चाटणाऱ्या जनावराला बाधू शकतं, ते वेगळंच. आधी कोरड्या फडक्याने दाबून टिपायचं, रगडायचं नाही, आणि मग कुत्र्यामांजरांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमवालं द्रावण ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच ठेवायचं. मावशींना "ठेवायचं" हा भाग पटायला दोन दिवस लागले. फरशीवर ओलं ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

नोंदींच्या चौथ्या आठवड्यात, रविवारी, आजोबांनी वही उघडून बेरीज घेतली. वेळेच्या रकान्यावर बोट फिरवत खाली आले, परत वर गेले, चष्मा पुसला. बहुतेक सगळ्या नोंदी सकाळी सात ते साडेसातच्या मधल्या होत्या. म्हणजे फिरून आल्यावर लगेच. रविवारच्या नोंदी जवळजवळ नव्हत्याच. रविवारी मुलगा फिरवायला नेतो आणि तासभर टेकडीवर जातो. बाकीचे सहा दिवस आजोबा.

आजोबांची फेरी कशी असे, ते वॉचमनने न विचारता सांगितलं. खाली उतरायचं, पहिल्या खांबाशी उभं राहायचं, "कर, कर, पटकन कर" म्हणायचं, आणि ब्रूनोने केली रे केली की "झालं, चला घरी." वर शब्दकोडं वाट बघत असे. नवा सोफा आला त्याच सुमारास आजोबांचा गुडघा दुखायला लागला होता आणि फेरी आणखी आखूड झाली होती. ब्रूनोने पाच-सहा दिवसांत हिशोब मांडला: केली की फिरणं संपतं. म्हणून करायची नाही. धरून ठेवायची, दुसऱ्या खांबापर्यंत, तिसऱ्या खांबापर्यंत, जमेल तितकी. आजोबा कंटाळून "लागली नसेल" म्हणत वर आणायचे, आणि मग तो सात वाजून दहा मिनिटांनी हताश होऊन सोफ्याकडे जायचा. कुत्र्यांना शिकवणारे हे नेहमी बघतात, आणि याची चूक घरच्यांच्या पदरात घालायला त्यांना फार सौम्य शब्द वापरावे लागतात.

घरात सौम्य शब्दांची गरज पडली नाही. "म्हणजे मुद्दाम तुम्ही केलंत," आजी म्हणाल्या.

आजोबांनी शेऱ्याच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून नियम उलटा झाला. खाली उतरल्यावर आधी काम, त्याच क्षणी शाबासकी आणि फुटाण्याएवढा खाऊ, आणि फिरणं त्यानंतर, किमान 20 मिनिटं. घरी आल्यावर खाऊ देऊन उपयोग नाही, तेव्हा कुत्र्याला वाटतं की आपल्याला जिना चढल्याचं बक्षीस मिळालं. पहिले दोन दिवस ब्रूनोचा विश्वास बसेना. खांबाशी करून तो वळून बघे, आता "चला घरी" येतंय का. तिसऱ्या दिवशी तो कोपऱ्यावरच्या चाफ्यापर्यंत गेला आणि तिथे पाच मिनिटं नुसता हुंगत उभा राहिला. आजोबाही उभे राहिले. गुडघ्याच्या डॉक्टरांनी त्यांना नेमकं एवढंच चालायला सांगितलं होतं.

वहीतली शेवटची नोंद श्रावणातल्या एका मुसळधार सकाळची आहे. त्या दिवशी दोघेही खाली उतरायला तयार नव्हते. सोफा सुकला, पण सागाचा रंग डाव्या पायावर थोडा उतरलाय. तिकडे कुंडी ठेवली आहे, प्लास्टिकच्या झाडाची.

तुमच्या घरी असं काही चालू असेल तर आधी नमुना घ्या आणि डॉक्टरांकडे जा. वर्तमानपत्र वाचायला ठेवा. आणि पळी वेगळी विकत आणा. त्या घरातली कढी अजून वाटीनेच वाढतात.